भिंतीवरचे चौकोन

प्लास्टर लावताना खाली वर्तमानपत्र अंथरावं लागतं, नाहीतर दिवस संपल्यावर फरशी खरवडत बसावं लागतं. त्या सकाळी मी अंथरलेल्या पानावर आमचं घर होतं. अंथरताना मी ते पाहिलं नव्हतं. मनगट मोडलेले एक म्हातारे गृहस्थ स्टुलावर बसले होते, त्यांचा हात मी माझ्या गुडघ्यावर घेतला होता, ओली पट्टी अंगठ्याखालून फिरवत होते, आणि थेंब कुठे गळतायत म्हणून खाली पाहिलं तर एक थेंब आमच्या दारावर पडलेला. बुटकं दार, त्यावरची एकसंध आडवी शिळा, शेजारी गजांची चिमुकली खिडकी, मागे पाण्याच्या टाकीचा पाय. दुसरा थेंब खिडकीवर पडला. फोटोच्या डोक्यावर ठळक अक्षरं होती : शहरातल्या सर्वांत जुन्या दगडी घराला वारसा दर्जा? ‘बाई, अहो बाई, घट्ट होतंय,’ म्हातारे म्हणाले. मी पट्टी आवळत गेले होते. त्यांची बोटं निळसर झाली होती. ‘अगं, हात आहे तो, पार्सल नाही,’ नर्सताई म्हणाल्या आणि हसल्या, म्हातारेही हसले, मीही हसले, आणि सगळी पट्टी उलगडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळली. प्लास्टर आळताना गरम होतं. बऱ्याच लोकांना हे ठाऊक नसतं, ते घाबरतात, आत हात भाजतोय की काय असं त्यांना वाटतं. मी त्यांना सांगते, घाबरू नका, होईल गार. त्या म्हाताऱ्यांनाही सांगितलं. सांगताना बातमी उलटी वाचत होते, आणि माझ्याच मानेवर आतून काहीतरी गरम होत चाललं होतं.

बातमीत लिहिलं होतं की टाकीखालचं हे घर शहरातलं पहिलं दगडी बांधकाम असावं. आतल्या भिंतीवर पहिल्या गवंड्यांनी कोरलेल्या दुर्मीळ चौकोनी खुणा सापडल्या आहेत, आणि घर एवढं जुनं म्हणायला तोच मोठा आधार आहे. दर्जा मिळाला तर घराच्या दगडालाही कुणाला हात लावता येणार नाही. पाणीखात्याला मात्र ते पाडून तिथे दुसरी टाकी बांधायची आहे. समिती पाहणीला येणार आहे. पूर्वी तिथे राहिलेल्यांनी यावं आणि माहिती द्यावी. म्हातारे गेले, मी पान उचललं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. दुर्मीळ. तो शब्द दिवसभर माझ्या दातांत अडकला होता. दुपारी एक बाई आली, हात गळ्यात बांधलेला, ओठ सुजलेला. कशानं झालं, तर पडले. पायरीवरून पडलेल्या माणसाचं मनगट मोडतं. मारापुढे हात आडवा धरला की कोपर आणि मनगट यांच्यामधलं हाड मोडतं, मधोमध, एखादी काडी मोडावी तसं. तिचं मधलं मोडलं होतं. मी काही म्हटलं नाही. माझ्या आईचं तेच हाड मोडलं होतं, आणि तेव्हा प्लास्टर लावणाऱ्यानंही काही म्हटलं नव्हतं. आईच्या मांडीला टेकून मी त्याच्याकडे बघत होते आणि हा आता विचारेल, आता विचारेल असं मला वाटत होतं. त्यानं विचारलं ते एवढंच, की पोरीला गोळी चालेल का. लिंबाची गोळी होती. मी खाल्ली.

माझे वडील पाणी सोडायचे. म्हणजे तीच त्यांची नोकरी. रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली वॉल्व्ह असतो, त्याच्या चौकोनी डोक्यावर बसेल अशी लांब चावी त्यांच्याकडे होती. पुरुषाच्या छातीएवढी उंच सळई, वर पकडायला आडवी मूठ, खाली पोकळ चौकोनी तोंड. ती खांद्यावर टाकून ते निघाले की गल्ल्यागल्ल्यांतून बायका विचारायच्या, ‘आज किती वेळ सोडणार, भाऊ?’ आणि ते मान तिरपी करून म्हणायचे, ‘तुमच्या बादल्या भरेपर्यंत, वहिनी.’ कुणाच्या घरी आजारी माणूस असलं तर त्या गल्लीला थोडं जास्त पाणी. असा देवमाणूस, असं सगळे म्हणत. टाकीच्या पायाशी राहायला खात्यानं त्यांना ते दगडी घर दिलं होतं. दोन खोल्या. भिंती एवढ्या जाड की खिडकीच्या बैठकीत मी पाय मुडपून झोपू शकायची, आणि एवढ्या जाड की आतलं बाहेर काही ऐकू जात नसे. लोक त्या भिंतींचं कौतुक करायचे. उन्हाळ्यात किती गार, म्हणायचे.

संध्याकाळी शेवटचा वॉल्व्ह बंद करून ते घरी येत, चावी आतल्या खोलीच्या कोपऱ्यात उभी करत, हातपाय धूत. त्यानंतर काय होईल ते चावीच्या आवाजावरून कळायचं. हळू टेकवली तर जेवण. दणकन आपटली तर आई न सांगता भिंतीशी जाऊन उभी राहायची. ते हातांनी मारायचे ते वेगळं, ते झटपट असे, कानाखाली, पाठीत, केसांना धरून चुलीच्या ओट्यावर. चावीचं तसं नव्हतं. चावी ते भाल्यासारखी दोन्ही हातांनी आडवी धरायचे आणि आईच्या डोक्याशेजारी भिंतीत खुपसायचे. ‘हलू नकोस,’ म्हणायचे. अगदी शांतपणे. दगडावर लोखंड आदळलं की ठिणगी उडते, आणि जळल्यासारखा एक वास येतो, गारगोट्या घासल्यावर येतो तसा. दगडाचा चुरा आईच्या खांद्यावर पडायचा. मग दुसऱ्या बाजूला. मग वर. ‘हललीस तर लागेल. मग मला सांगू नकोस.’ आई डोळे उघडे ठेवून उभी असायची. पापणीसुद्धा हलू द्यायची नाही. एकदा ती शिंकली. तेव्हा गळ्याजवळचं हाड गेलं, आणि वडील खरोखर चिडले, तिच्यावर, की सांगितलं होतं ना हलू नकोस म्हणून. हॉस्पिटलात तिला घेऊन तेच गेले. रिक्षात तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं होतं. मी समोर बसले होते. मला दोघंही आवडत होती.

भिंतीवर खुणा राहिल्या. पोकळ तोंडाच्या, म्हणून पोकळ चौकोन; पूर्ण असे थोडेच, बहुतेकांच्या दोन बाजू, एक कोपरा. वरच्या, आईच्या डोक्याभोवतीच्या. आणि खाली, माझ्या तेव्हाच्या कपाळाच्या उंचीवर, आणखी काही. त्या माझ्या. ती संध्याकाळ मला नीट आठवत नाही, तुकडे आठवतात. मी काहीतरी सांडलं होतं. मी भिंतीशी खाली बसले होते. तोंडात दगडाचा चुरा, कानात तो आवाज, एकदा, दोनदा, पुन्हा. मग काहीच नाही. मोठी झाल्यावर मी त्या खालच्या चौकोनांत बोट घालून बघायची. एवढ्याशा पोरीवर या माणसानं नेम धरला. वरच्या खुणा मी कधीतरी विसरलेही असते. लोक बायकांना मारतात, मी रोज त्यांचे हात बांधते. पण खालच्या खुणा माझ्या हाडात शिरल्या आहेत, आणि आईनं त्या वेळी काय केलं हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. विचारलं असतं आणि ती म्हणाली असती, मी काय करणार होते गं, तर मी तिच्याशी पुन्हा बोलू शकले नसते. पुढे वडील एका वॉल्व्हच्या खड्ड्याशी चावी फिरवता फिरवता आडवे झाले, छातीत कळ येऊन. त्या दिवशी अर्ध्या शहराला पाणी आलं नाही. लोक भेटायला आले, आईचा हात हातात घेऊन रडले, आणि निघताना हळूच विचारत होते, उद्या कोण सोडणार?

घरी आले तेव्हा माझी पिटुकली आईच्या मांडीवर चमचा चघळत बसली होती. मला पाहिलं आणि सगळ्या अंगानं हसली, पायाच्या बोटांपर्यंत. तिला घेतलं, पाजायला बसले, आणि पान आईसमोर टाकलं. आईनं चष्मा शोधला. ‘अगंबाई. माझं घर पेपरात?’ ती एवढी आनंदली की मी बघतच राहिले. नखानं फोटोवरचा प्लास्टरचा थेंब खरवडायला लागली. ‘हे काय सांडलंयस दारावर?’ मग तिनं सगळं वाचलं, खुणांचंही वाचलं असणार, कारण तिथे तिचं नख थांबलं. पुढे सरकलं. ‘पाहणीला जायला हवं आपण,’ ती म्हणाली.

‘पाडू दे की ते,’ मी म्हटलं.

‘घरानं काय केलं तुझं?’

‘त्यानं काहीच केलं नाही. हेच तर.’

‘त्या भिंतीला पाठ होती म्हणून मी उभी राहिले, बये. नाहीतर कधीच आडवी झाले असते.’ आणि लगेच, दुसऱ्याच आवाजात, ‘पोरीचं डोकं धर नीट. लोंबकळतंय.’

नवरा तेवढ्यात आला, भला माणूस आहे, त्याला यातलं अर्धंच ठाऊक आहे. पान वाचून म्हणाला, ‘वा! दर्जा मिळाला तर तिकीट लावतील बघ. आधी विचारून ठेव, जन्म तिथेच झालाय तर तुला फुकट सोडतील का.’ माझ्या हाताशी पिटुकलीची पेजेची वाटी होती. ती समोरच्या भिंतीवर फुटली. कुणी फेकली ते मला क्षणभर कळलं नाही. नवरा हसायचा थांबला. पिटुकलीनं स्तन सोडला, ओघळणाऱ्या पेजेकडे बघितलं, आणि पुन्हा पिऊ लागली. आई मात्र, आई उठली नव्हती, पण खुर्चीतल्या खुर्चीत ती ताठ झाली होती, हात मांडीवर, डोळे उघडे, पापणी न हलवता. मी तिला पुसायचं फडकं आणून दिलं नाही. मीच पुसलं. पुसताना फेकणाऱ्या हातात एक गोडी होती, खोटं कशाला सांगू, खाज भागल्यासारखी.

पाहणीचा दिवस येईपर्यंत मी एक वाक्य तयार केलं. या खुणा गवंड्यांच्या नाहीत, माझ्या वडिलांच्या आहेत. एवढंच. मग आधार गेला, दर्जा गेला, आणि पाणीखातं त्या भिंतींचा चुरा करेल. मी ते वाक्य पिटुकलीला पाजताना म्हणायची, तिच्या कानाशी, कारण दिवसभरात मला एकटीला मिळणारा वेळ तेवढाच. तिच्या कानाची पाळी एवढी मऊ आहे की ओठांना ती लागली की नाही हे कळत नाही. या खुणा गवंड्यांच्या नाहीत. ती दूध पिता पिता हुंकार द्यायची. प्लास्टरच्या खोलीत करवतीनं एकेकाचं प्लास्टर कापताना मला भिंत दिसायची. ती करवत फिरत नाही, नुसती थरथरते, कातडीला लागत नाही, तरी लोक डोळे मिटतात. मी कापत जायची, दोन्ही बाजूंनी चीर देऊन हातांनी फाकवायची, कडकन आवाज व्हायचा, आणि मला वाटायचं, असंच. मधोमध. वरच्या शिळेसकट.

घर बाहेरून लहान झालं होतं. दारातून वाकून आत जावं लागलं, पिटुकली आईच्या कडेवर होती, आणि आईनं तिच्या डोक्यावर हात धरला, मोडून जुळलेला तोच हात, तसाच आडवा, शिळा लागू नये म्हणून. आत ओल, उंदरांचा वास, आणि गारवा. समितीचे गृहस्थ आधीच आले होते, चष्मा गळ्यात लोंबता, गुडघ्यांना धूळ, चेहरा असा की सकाळपासून कुणीतरी त्यांना भेटवस्तू देत सुटलंय. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. पाणीखात्याचा इंजिनीअर दाराशी उभा राहून मोबाइल बघत होता. ‘या आजी, या,’ गृहस्थ आईला म्हणाले, ‘तुमच्याच घरात तुमचं स्वागत करतोय, हसू नका हं.’ आई हसली. तिनं खिडकीच्या बैठकीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघून च्‌ केलं. ‘मी होते तेव्हा असं नव्हतं.’ गृहस्थांनी सगळं दाखवलं, सांध्यांत चुना कसा नाही, शिळा कशी एकसंध, पण हे पुढच्या काळातही होऊ शकतं, ते म्हणाले, म्हणून मग या खुणा. त्यांनी भिंतीवर बॅटरीचा तिरपा झोत टाकला. चौकोन उठून आले. मी इतक्या वर्षांनी पाहत होते. ते वाढले नव्हते, पुसलेही नव्हते. ‘मी इतकी घरं पाहिली, पण असा पोकळ चौकोन कुठेच नाही,’ ते म्हणाले, ‘प्रत्येक गवंड्यानं आपल्या कामाची नोंद केलीय, बघा. यावर काच लावायची, आणि आत एक बारीकसा दिवा.’

‘दिवा,’ मी म्हटलं.

‘रात्रीही दिसायला हवं ना, ताई.’ मग ते आईकडे वळले. ‘आजी, तुम्ही इतकी वर्षं राहिलात. या खुणांबद्दल घरात कुणी काही सांगायचं?’

आईनं भिंतीकडे बघितलं. माझ्याकडे नाही. ‘आधीपासूनच होत्या,’ ती म्हणाली. ज्या आवाजात ती हॉस्पिटलात म्हणायची, पडले, त्याच आवाजात. गृहस्थांनी ते लिहून घेतलं. इंजिनीअरनं मोबाइलमधून डोकं वर काढून सुस्कारा टाकला. माझं वाक्य घशापर्यंत आलं होतं आणि तिथे उलटं फिरलं, कारण गृहस्थ आता खाली वाकले होते, गुडघा टेकून, त्या खालच्या चौकोनांवर बॅटरी धरून. ‘आणि या तर मला सगळ्यात आवडतात. एवढ्या खाली मोठा माणूस कशाला कोरेल? गवंड्यांची पोरं असणार. मोठ्यांचं बघून. खेळता खेळता. किती गोड, नाही?’

‘आई, सांग त्यांना.’

‘काय सांगू?’

‘तुला माहितीये काय.’

‘अगं, हळू बोल. पोरीचा डोळा लागलाय.’

खिडकीच्या बैठकीत त्यांचा दगड ठोकून बघायचा हातोडा पडला होता. तो माझ्या हातात आला. बेतशीर वजनाचा, मुठीला कातडी पट्टी, हाताला एकदम ओळखीचा. ‘अहो ताई, तो,’ गृहस्थ म्हणाले आणि बाजूला सरकले. मला ते खालचे चौकोन हवे होते, ते आधी, ते फोडून काढायचे, दगड पांढरा होईपर्यंत, मग वरचे, मग जे हाताला येईल ते. मी हात वर नेला. खांद्यातून, पूर्ण. माझ्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो. आणि आई भिंतीशी उभी होती, हे मी पाहिलं होतं की नव्हतं ते मला आजही सांगता येत नाही. ती ओरडली नाही. मागे सरली नाही. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त वर गेलेला हात पाहिला असेल. तिचे गुडघे दुमडले, वयाला न शोभेल अशा चपळाईनं. पाठ माझ्याकडे झाली, पिटुकली पोटाखाली गेली, पूर्ण, एक पायसुद्धा बाहेर राहिला नाही. मान आत, कपाळ भिंतीला, आणि एक कोपर डोक्यावर आडवं. आणि तिथेच ती थांबली. हलली नाही.

बॅटरीचा झोत अजून भिंतीवरच होता. आईच्या पांढऱ्या केसांच्या डाव्या बाजूला, कानालगत, एक चौकोन होता. उजव्या कानालगत दुसरा. कोपराच्या वर एक, अर्धा. ज्या खुणांत मी बोट घालत आले, ज्या माझ्या कपाळाच्या म्हणून मी हाडांत वागवत आले, त्या तिच्या डोक्याभोवती अशा बसल्या होत्या, की तिला मध्ये ठेवूनच कुणीतरी त्या काढल्या असाव्यात. जिथे एवढीशी पोर असायला हवी होती तिथे ती होती. पोर खाली होती. आताही होती; तिच्या पोटाखालून पिटुकलीचा झोपमोड झाल्याचा बारीक कुरकुरीचा आवाज येत होता.

गृहस्थांच्या हातात मोजपट्टी होती. त्यांनी वरच्या खुणांकडे बघितलं, मग उभ्या माणसाच्या उंचीचा अंदाज घेतल्यासारखी त्यांची नजर खाली आली, आईवर आली, आणि पुन्हा वर गेली. मोजपट्टी सळसळत आपोआप आत गेली. इंजिनीअरनं मोबाइल खिशात ठेवला. आई आधी एका गुडघ्यावर आली, मग भिंतीला तळवा टेकून उभी राहिली, पिटुकलीला खांद्यावर घेतलं, तिच्या कपाळावरची धूळ पदरानं पुसली.

‘आजी,’ गृहस्थ म्हणाले. ‘या खुणा आधीपासूनच होत्या, असं तुम्ही म्हणालात. मी तसं लिहिलंय.’ मग आमच्यापैकी कुणाकडेच न बघता, ‘तसंच राहू द्यायचं असेल तर... माझी काही हरकत नाही. घर राहील.’

मी आईकडे बघत होते. नको, असं मला म्हणायचं होतं, किंवा हो, मला काय म्हणायचं होतं तेच कळेना. इतके दिवस पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं आणि ते आता अर्धंच खरं राहिलं होतं, खालच्या खुणांमधली जागा आईची होती. आईनं खोलीवरून एकदा नजर फिरवली, चुलीचा ओटा, कोपरा, खिडकी, एखाद्या गावाहून निघताना काही विसरलं तर नाही ना हे बघावं तशी.

‘नव्हत्या,’ ती म्हणाली. ‘वरच्याही नव्हत्या. हिच्या बापाची चावी होती, पाण्याची.’ मग इंजिनीअरकडे बघून, ‘तुमच्याच खात्याची.’

इंजिनीअरनं खाली मान घातली. गृहस्थांनी हळूच एक ओळ खोडली. दार उघडं होतं, बाहेरचा उजेड उंबऱ्यापर्यंत येऊन थांबला होता, भिंती गार होत्या, आणि एकाएकी मला दिसलं की हे सगळं जाणार, ती बैठक, ती शिळा, उठताना टेकून टेकून आईच्या तळव्यानं गुळगुळीत झालेली भिंतीवरची जागा, आणि तिनं हे सगळं एका शब्दात सोडून दिलं होतं.

‘आई,’ मी म्हटलं, ‘अगं, घर पाडतील ते.’

‘पाडू देत,’ आई म्हणाली. ‘तू आधी तो हात खाली घे.’